जहाजावर आलो कसा, हेच न आठवणारे खलाशी : सॅन फ्रान्सिस्को आणि पोर्टलंडमधील माणसे विकण्याचा धंदा

जुनीपाने (धागाकर्ती)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, अस्टोरिया, पोर्ट टाउनसेंड अशा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून गहू आणि लाकूड भरून निघालेल्या शिडाच्या जहाजांविषयी वाचताना एक प्रसंग वारंवार समोर येतो. जहाज बंदराबाहेर पडलेले असते, मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) खलाशांच्या खोलीत येऊन झोपलेल्यांना लाथा घालून किंवा अंगावर खारे पाणी ओतून उठवतो, आणि उठलेल्यांपैकी दोघाचौघांना आपण कोठे आहोत याचा पत्ताच नसतो. काल संध्याकाळी गुत्त्यात बसलो होतो, कोणीतरी आग्रहाने आणखी एक पेला पुढे केला, इथपर्यंत आठवते. पुढचे काहीही आठवत नाही. अंगावरचा चांगला कोट गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी विटका सदरा असतो. मेटच्या हातातील यादीत मात्र त्याचे नाव असते, किंवा त्याचे म्हणून लिहिलेले कोणाचे तरी नाव असते, त्यापुढे सही किंवा फुली असते, आणि दोन महिन्यांचा पगार आगाऊ उचलल्याची नोंद असते. पुढचे चार-पाच महिने केप हॉर्नला वळसा घालून लिव्हरपूलला पोहोचेपर्यंत त्याला काम करावेच लागते, आणि त्यातील पहिले दोन महिने तो फुकट राबतो.

या प्रकाराला तिकडे ‘शांघाय करणे’ म्हणत आणि तो करणाऱ्या दलालांना ‘क्रिंप’. धंद्याची सुरुवात कॅलिफोर्नियातील सोन्याच्या झुंबडीत आहे. १८४९ मध्ये जहाज बंदराला लागताच खलाशी, काही वेळा कप्तानसुद्धा, खाणींकडे पळून जात. सॅन फ्रान्सिस्कोच्या येर्बा ब्वेना खाडीत शेकडो जहाजे नुसती उभी राहिली होती. त्यांपैकी ‘नायान्टिक’ हे जहाज किनाऱ्याला ओढून त्याचे गुदाम करण्यात आले, आणि १९७८ मध्ये एका इमारतीसाठी खोदकाम करताना त्याचे अवशेष सापडले. न्यायला माल आहे, न्यायला जहाज आहे, पण शिडांवर चढणारी माणसे नाहीत, ही टंचाई हेच क्रिंप लोकांचे भांडवल होते. सोन्याची झुंबड ओसरली तरी धंदा ओसरला नाही, कारण तोपर्यंत त्यात सगळ्यांचेच हितसंबंध गुंतले होते.

पद्धत साधारण अशी होती. जहाज बंदरात शिरत असतानाच दलालांची माणसे लहान होड्यांतून त्याला गाठत, दारूच्या बाटल्या घेऊन वर चढत आणि खलाशांना आपल्या बोर्डिंगात, म्हणजे खलाशांसाठीच्या खाणावळवजा वसतिगृहात, नेत. तिथे खाणे, पिणे, कपडे, बाया, सारे उधारीवर मिळे. उधारी पुरेशी फुगली की त्या खलाशाला पुढच्या जहाजावर चढवायचे, त्याच्या नावावरची उचल उधारीपोटी स्वतः घ्यायची, शिवाय कप्तानाकडून माणशी वेगळी रक्कम घ्यायची. या दुसऱ्या रकमेला तिथली माणसे उघडपणे ‘रक्ताचे पैसे’ म्हणत. अस्सल खलाशी कमी पडले की मग लाकूडतोडे, गुराखी, शेतमजूर, असा जो हाती लागेल त्याची पाळी येई.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा, की हे विस्मरण खरोखर इतके सर्रास असू शकते, की परत आल्यावर अब्रू राखण्यासाठी सांगितलेली ती एक सोयीची गोष्ट आहे? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. माणूस शुद्धीवर आल्यावर ‘मी सही केलेली नाही, मला खाली उतरवा’ एवढे म्हणून का सुटू शकत नव्हता?

खाडीकाठ

सुंदर विषय. यात ‘शांघाय’ केलीचा उल्लेख हवाच. जेम्स केली नावाचा हा बोर्डिंगवाला सॅन फ्रान्सिस्कोत कुप्रसिद्ध होता. एकदा तीन जहाजांना एकदम माणसे हवी होती, तेव्हा त्याने स्वतःच्या वाढदिवसाची मेजवानी जाहीर केली, ‘गोलाया’ नावाची चाकांची आगबोट भाड्याने घेतली, नव्वदेक फुकट्यांना गुंगीची दारू पाजली आणि समुद्रात उभ्या असलेल्या तिन्ही जहाजांवर त्यांची वाटणी करून टाकली. आता भरल्या बोटीने गेलेला माणूस रिकाम्या बोटीने परत कसा येणार? तर वाटेत फुटलेल्या ‘यँकी ब्लेड’ जहाजाचे वाचलेले प्रवासी त्याला भेटले, त्यांना घेऊन तो आला, आणि धक्क्यावर कोणालाच काही कळले नाही. योजकता म्हणावी ती ही.

शंकासुर

खाडीकाठ, गोष्ट झकास आहे, पण सनावळीपाशी अडखळते. ‘यँकी ब्लेड’ १ ऑक्टोबर १८५४ रोजी सांता बार्बराच्या पलीकडे पॉइंट अर्ग्वेयोजवळ खडकावर आपटून फुटले आणि त्या प्रवाशांना सोडवण्यात ‘गोलाया’चा हात होता, हे दोन्ही खरे आहे. केलीचा तो वाढदिवस मात्र सांगणारे १८७०च्या दशकात घालतात. म्हणजे एका खऱ्या अपघाताला एक खरा बदमाश पुढे कोणीतरी जोडून दिला आहे. केली होता आणि त्याचा धंदाही होता, एवढ्यावर थांबावे.

पोर्टलंडच्या भुयारांचेही तेच. आज पर्यटकांना तळघरे दाखवून ‘इथे चोरदरवाज्यातून बेशुद्ध माणसे खाली टाकत आणि भुयारातून नदीवर नेत’ असे सांगितले जाते. तळघरे खरी आहेत, आणि काही एकमेकांना जोडलेलीही आहेत. पण त्यांतून खलाशी पळवल्याचा त्या काळचा कागदोपत्री पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. त्याच शहरातील जोसेफ ‘बंको’ केलीने म्हणे विडीच्या दुकानापुढचा लाकडी पुतळा कांबळ्यात गुंडाळून खलाशी म्हणून विकला. हा मनुष्य पुढे खुनासाठी तुरुंगात गेला हे नोंदलेले आहे; पुतळ्याची गोष्ट मात्र ऐकीव आहे.

माझे म्हणणे असे, की भुयारांची गरजच नव्हती. जो धंदा भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या, पोलिसांच्या आणि राजकारण्यांच्या डोळ्यांदेखत चालत होता, त्याला जमिनीखालून जाण्याचे कारण काय? भुयार आपल्याला बरे वाटते, कारण मग दोष अंधाराचा आणि चार गुंडांचा ठरतो.

वैद्यबुवा

धागाकर्तींच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण तो माझ्या विषयाचा आहे.

विस्मरण शंभर टक्के शक्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही गुप्त औषधाची आवश्यकता नाही. रक्तातील मद्याचे प्रमाण फार झपाट्याने वाढले तर मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग चालू घटनांची कायमची नोंद करणे थांबवतो. उपाशीपोटी, भराभर प्यालेल्या माणसाच्या बाबतीत हे विशेष घडते. कित्येक महिने समुद्रावर मद्याचा थेंबही न मिळालेला खलाशी पहिल्या रात्री ज्या पद्धतीने पितो, ती हीच. अशा वेळी माणूस बेशुद्ध असेलच असे नाही. तो चालतो, हसतो, प्रश्नांना उत्तरे देतो, कारण काही मिनिटांपुरती स्मृती शाबूत असते. मात्र त्यातले काहीच साठवले जात नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा हे स्पष्ट झाले. अगदी पूर्ण कोऱ्या पडलेल्या या कालखंडातील गोष्टी पुढे कितीही खुणा सांगितल्या तरी आठवत नाहीत, कारण त्या विसरलेल्या नसतात; त्या नोंदल्याच गेलेल्या नसतात.

औषधे वापरली जात, यात शंका नाही. अफूचा अर्क त्या काळी कोणत्याही औषधवाल्याकडे खोकल्यावर आणि पोटदुखीवर सहज मिळे. क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध म्हणून बर्लिनमध्ये लीब्राइख यांनी १८६९ मध्ये पुढे आणले, त्यामुळे १८५०च्या दशकातील गोष्टींत जर ‘गुंगीचे थेंब’ येत असतील तर ते हे नव्हेत, अफूच असणार. क्लोरल आणि मद्य एकत्र गेले की दोघेही यकृतातील एकाच विकराच्या (एन्झाइमच्या) दारात उभे राहतात, एकमेकांचा निचरा अडवतात आणि गुंगी दोन्ही बाजूंनी वाढते. बदमाशांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परिणाम ठाऊक होता. पण मात्रा मोजण्याची सोय नसताना अफू आणि मद्य एकत्र देणे म्हणजे श्वास बंद पाडण्याचा धोका पत्करणे, आणि मेलेल्या माणसाची किंमत कप्तान दुसऱ्यांदा देत नाही. म्हणून माझा कयास असा आहे, की बहुतेक वेळा साधी भरपूर दारूच पुरेशी ठरत असावी, आणि औषध हे शेवटच्या क्षणी अडून बसणाऱ्यासाठी राखून ठेवलेले असावे.

रानजाई

वैद्यबुवा, आपला प्रतिसाद वाचून एक वेगळीच शंका आली. तो माणूस चालत-बोलत असेल, तर यादीवरची सही त्याची स्वतःचीच असू शकते ना? म्हणजे ‘मी सही केली नाही’ असे तो प्रामाणिकपणे म्हणेल, आणि सही खरीही असेल.

वैद्यबुवा

होय, अगदी तसेच. हाताला सही करण्याची सवय असते आणि ती सवय स्मृतीच्या त्या भागावर अवलंबून नसते.

कलमबहाद्दर

रानजाई यांच्या शंकेतूनच धागाकर्तींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे जाता येते, आणि माझ्या मते या विषयाचा खरा गाभा तिथेच आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसला हे प्रकार माहीत नव्हते असे नाही. १८७२ मध्ये कायदा करून प्रमुख बंदरांत शिपिंग कमिशनर नेमले गेले आणि परदेशी सफरीवर जाणाऱ्या खलाशाने करारावर या अधिकाऱ्यासमोरच, शुद्धीत राहून आणि अटी समजून घेऊन सही करावी, असे ठरले. कागदावर हा बंदोबस्त चोख होता. पण बेशुद्ध माणसाच्या जागी कमिशनरसमोर कोण उभा राहिला, हे ओळखायला त्या काळी ना फोटो होता, ना ओळखपत्र. एका धडधाकट, शुद्धीतल्या माणसाने एका नावाने सही करायची आणि रात्री जहाजावर दुसराच उचलून टाकायचा, हे सहज शक्य होते. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरून गहू नेणारी बरीच जहाजे ब्रिटिश होती, आणि त्यांच्या खलाशांचे करार अमेरिकन कमिशनरच्या नव्हे, तर ब्रिटिश वकिलातीच्या अखत्यारीत येत.

पुढे १८८४ च्या डिंगली कायद्याने आगाऊ पगार देण्यावरच बंदी घातली. घाव अचूक मुळावर होता, कारण उचल नाही तर दलालाला काय मिळणार? पण दोनच वर्षांत, १८८६ मध्ये, दुरुस्ती आली आणि खलाशाच्या पगारातील ठरावीक भाग त्याच्या ‘मूळ धनको’ला परस्पर देण्याची मुभा मिळाली. आता बोर्डिंगात उधारीवर राहणाऱ्या खलाशाचा मूळ धनको कोण, हे वेगळे सांगायला नको. समोरच्या दाराने हाकललेला मनुष्य मागच्या दाराने पाट मांडून बसला.

राहिला प्रश्न ‘मला खाली उतरवा’ असे म्हणण्याचा. करारावर नाव आले की जहाज सोडणे हा निव्वळ करारभंग राहत नसे, तो गुन्हा ठरे. पळालेल्या खलाशाला पकडून कोठडीत ठेवायचे आणि जहाज निघताना परत त्याच जहाजावर चढवायचे, असा कायदाच होता. गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ मध्येच झाली होती, तरीही.

याची कसोटी लागली ती ‘अरागो’ जहाजाच्या प्रकरणात. इथे कोणालाही गुंगी दिलेली नव्हती, चौघा खलाशांनी रीतसर सह्या केल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोहून वॉशिंग्टन राज्यातील नॅप्टनला आणि तिथून चिलीतील वाल्पाराइसोला जाण्याचा करार होता. वागणूक असह्य झाल्यामुळे ते ओरेगॉनमधील अस्टोरियाला उतरून गेले. त्यांना पकडून सोळा दिवस तुरुंगात ठेवले, जहाज निघायच्या वेळी बळाने पुन्हा वर चढवले, तिथे त्यांनी काम करायला नकार दिला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्यावर खटला भरला. ‘रॉबर्टसन विरुद्ध बाल्डविन’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी १८९७ मध्ये निकाल लागला, की खलाशाचा करार हा प्राचीन काळापासून अपवादात्मक मानला गेला आहे, म्हणून तेरावी दुरुस्ती त्याला लागू नाही. निकाल न्यायमूर्ती ब्राउन यांनी लिहिला आणि एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. आदल्याच वर्षी रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वैध ठरवणाऱ्या ‘प्लेसी’ खटल्यातही निकाल ब्राउन यांचा आणि एकाकी विरोध हार्लन यांचा होता, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

आता या चौघांच्या जागी तो गुंगी दिलेला मनुष्य ठेवून पाहा. ज्यांना सारे आठवत होते, ज्यांच्याकडे वकील होता, त्यांची ही गत झाली. ज्याला काहीच आठवत नाही तो शपथेवर काय सांगणार? कोणी पाजली, कोणी नेले, कोणत्या होडीतून नेले, सही कोठे झाली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नाही, आणि समोरच्याजवळ कागद आहे. विस्मरण हे त्या रात्रीपुरते साधन नव्हते. पुढच्या खटल्यातला एकमेव साक्षीदार त्याच पेल्यात बुडवला जात होता. तोही चार-पाच महिन्यांनी, निम्म्या जगापलीकडच्या बंदरात उतरणार असे.

शंकासुर

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. भुयारापेक्षा ‘मूळ धनको’ हे दोन शब्द जास्त भयंकर आहेत, पण त्यांची सहल काढून तिकिटे विकता येत नाहीत.

तुषार_पुणे

इंग्रज आरमाराची सक्तीची भरतीही अशीच असायची ना? दारूच्या पेल्यात नाणे टाकून ठेवायचे, पिणाऱ्याच्या हाताला ते लागले की तो भरती झाला, असे वाचल्याचे स्मरते.

कलमबहाद्दर

तुषार, ती बाब वेगळी. तिथे धरून नेणारे सरकारच होते आणि त्याला सहीची किंवा विस्मरणाची गरज नव्हती, त्यामुळे धरलेल्यांना आपण कसे आलो ते नको इतके स्पष्ट आठवे. पुष्कळांना तर किनाऱ्यावर नव्हे, घरी परतणाऱ्या व्यापारी जहाजांवरूनच उचलत. १८१५ नंतर ती पद्धत वापरात राहिली नाही. पेल्यातल्या नाण्याची गोष्ट शंकासुरांच्या ताब्यात देतो.

निवृत्त खलाशी

मी डेकवर काम केले आणि बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुख्य) म्हणून निवृत्त झालो. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आहे. आमच्याकडे घरटी एक माणूस जहाजावर असण्याची रीत जुनी आहे, म्हणून या धाग्यात थोडी भर घालतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला गुंगी देऊन कोणी नेले नाही, पण उधारीचे गणित त्यांनाही ठाऊक होते. मुंबई आणि कलकत्ता बंदरांत कंपन्या खलाशी थेट भरती करत नसत. सारंग (खलाशांचा नाईक) आपल्या गावची, आपल्या ओळखीची माणसे आणी, आणि सारंग व कंपनी यांच्यामध्ये बंदरावरचा घाट सारंग, म्हणजे भरतीचा दलाल, बसलेला असे. खलाशी बंदरात येऊन दोन-दोन, चार-चार महिने जहाजाची वाट पाहत बसे, तेवढ्या काळाचे खाणे-राहणे कर्जावर होई, आणि जहाज मिळाले की पगारातून ते कर्ज, त्यावरचे व्याज आणि नोकरी मिळवून दिल्याची दस्तुरी अशी तिहेरी वजावट होई. याविषयी इतकी ओरड झाली, की १९२२ मध्ये क्लो यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला खलाशी भरतीची चौकशी समिती नेमावी लागली.

याला एक चांगला अपवाद मुंबईतच होता, आणि तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डिंगशी ताडून पाहण्यासारखा आहे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची धोबी तलाव भागात गावागावांची ‘कूड’ असत. जेर महालासारख्या इमारतीत एकेका मजल्यावर अनेक गावांची कूड होती. एक मोठी खोली, भिंतीलगत ओळीने ठेवलेल्या ट्रंका, प्रत्येकीवर मालकाचे नाव, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना, आणि महिन्याची नाममात्र वर्गणी. दोन जहाजांमधला काळ खलाशी तिथे काढी. कूड कोणा एका मालकाची नसे, ती गावाची असे. म्हणजे खलाशाला राहायला जागा तर मिळे, पण त्याची उधारी फुगवण्यात ज्याचा फायदा आहे असा कोणी त्या छपराखाली नसे. माझ्याबरोबर काम केलेले गोव्याचे स्टुअर्ड कूडीच्या गोष्टी सांगत, तेव्हा आम्हा रत्नागिरीकरांना हेवा वाटे.

सहीविषयीही सांगतो. आमच्या वेळी मुंबईत शिपिंग मास्टरच्या कचेरीत रांगेत उभे राहून आर्टिकल्सवर (जहाजाच्या करारनाम्यावर) सही करावी लागे. हातात सीडीसी (खलाशाची नोंदवही), त्यात फोटो, अंगावरच्या ओळखखुणा लिहिलेल्या, आणि समोरचा कारकून फोटो व चेहरा दोन्हींकडे आळीपाळीने पाही. तो सारा सोपस्कार तेव्हा कंटाळवाणा वाटे. कलमबहाद्दर यांनी लिहिलेला १८७२ चा प्रकार वाचल्यावर कळले, की त्या फोटोवर कारकून इतका वेळ का रेंगाळत असे.

रानजाई

काका, फार मोलाची माहिती दिलीत. आपल्या काळात कोणाला फसवून जहाजावर नेल्याचे आपण पाहिले आहे का?

निवृत्त खलाशी

ताई, गुंगीने नाही, पण भूलथापांनी नेलेले पाहिले. एका जहाजावर आमच्याबरोबर विदर्भातला एक मुलगा होता. एजंटाने त्याच्या वडिलांकडून शेत गहाण टाकायला लावून रक्कम घेतली होती, मोठ्या जहाजावर डेक कॅडेट म्हणून नेतो असे सांगितले होते, आणि आखातात उतरवून एका जुनाट टगवर (जहाजे ओढणाऱ्या बोटीवर) दिले होते, जिथे कप्तानाने पहिल्याच दिवशी पासपोर्ट आणि सीडीसी काढून घेतली. तिथून सुटून तो आमच्या जहाजावर कसा आला, ती कहाणी मोठी आहे. त्याला सारे लख्ख आठवत होते. फक्त त्याने सही केलेला कागद इंग्रजीत होता, तो त्याला वाचून दाखवला नव्हता, आणि त्याची प्रत त्याच्याकडे नव्हती.

आता भारत सरकारचा परवाना असलेल्या भरती संस्थेकडूनच जावे असा नियम आहे. सागरी कामगार करार, २००६ हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, आणि त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. तरीही पैसे मागणारे भेटतात. कोणी मागितले, तर तिथूनच उठून यावे.

शेतमळा

मी मराठवाड्यातला आहे, समुद्र सहलीपुरता पाहिलेला. पण हा धागा वाचताना ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांपुढे येत राहिला. दिवाळीआधी मुकादम उचल देतो, ती घरात खर्च होते, मग कोयता घेऊन जोडीने कारखान्यावर जायचे आणि उचल फिटेपर्यंत निघायचे नाही. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. फडातून पळालेल्याच्या घरी मुकादमाची माणसे जातात. आमच्याकडे दारू पाजायची गरज पडत नाही, हाच काय तो फरक.

जुनीपाने (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली आहेत, पण कप्तानांविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून माझ्या वाचनातून भर घालते. बंदरात पोहोचल्यावर जुने खलाशी पळून गेले तर कप्तानाचा तोटा होतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पळालेल्या खलाशाचा साचलेला पगार बुडे, आणि तो जहाजाच्या हिशेबात वाचे. चार-पाच महिन्यांचा पगार वाचवून दलालाला माणशी ठरलेली रक्कम दिली तरी सौदा फायद्याचाच राही. म्हणून काही कप्तान बंदर जवळ आले की मुद्दाम जाच वाढवत, अन्न निकृष्ट देत, जेणेकरून माणसे आपण होऊन पळावीत. दलाल कप्तानाला लुबाडत होता, अशी तक्रार जहाजमालक सतत करत, आणि त्यात तथ्यही होते. पण हे लुबाडणे दोघांनाही परवडत होते. न परवडणारा तिसरा होता.

हे मोडून काढण्याचे श्रेय खलाशांच्या संघटनेला द्यावे लागते. ६ मार्च १८८५ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या फोल्सम स्ट्रीट धक्क्यावर, लाकडाच्या ढिगांवर उभे राहून भाषणे झाली आणि किनारी खलाशांची संघटना स्थापन झाली. पुढे तिचे नेतृत्व नॉर्वेत जन्मलेल्या अँड्र्यू फुरुसेथ यांच्याकडे आले. या माणसाने दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, भरती दलालाच्या बोर्डिंगातून न होता संघटनेच्या कचेरीतून व्हावी. दोन, जहाज सोडणे हा गुन्हा असता कामा नये. पगारवाढीपेक्षाही दुसऱ्या मागणीचा आग्रह अधिक होता, कारण जोवर पळणाऱ्याला धरून परत आणता येते तोवर त्याला वर कसे आणले याने फरक पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १८९५ मध्ये संघटनेने अमेरिकन जहाजांवरील मारहाणीच्या आणि मृत्यूंच्या घटना जहाजांच्या व अधिकाऱ्यांच्या नावांनिशी छापून काढल्या. त्याच वर्षी किनारी वाहतुकीपुरती, आणि ‘अरागो’चा निकाल लागल्यावर १८९८ मध्ये अमेरिकन बंदरांत जहाज सोडणाऱ्या अमेरिकन खलाशांपुरती तुरुंगवासाची शिक्षा रद्द झाली. उरलेले काम ४ मार्च १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सही केलेल्या खलाशी कायद्याने पूर्ण केले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यामुळे जहाजांवरील माणसांकडे जगाचे लक्ष गेले होते, त्याचा या कायद्याला मोठा हातभार लागला.

शंकासुर

वाफेच्या जहाजांना विसरू नका. शिडे गेली, शिडांवर चढणाऱ्यांची टंचाई गेली, आणि दलालाचा मालच खपेनासा झाला. कायदे आणि संघटना नसत्या तरी धंदा मंदावलाच असता.

जुनीपाने (धागाकर्ती)

मंदावला असता हे मान्य, पण थांबला असता असे नाही. पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागरात ऑयस्टर शिंपले काढणाऱ्या होड्यांना ना सफर लांबची होती, ना कसबी खलाशी हवे होते. हिवाळ्याच्या थंडीत जाळ्याचा रहाट हाताने फिरवायला कोणीही चाले. तरी तिथे बाल्टिमोर आणि न्यूयॉर्कमध्ये नुकतेच उतरलेले, इंग्रजी न येणारे जर्मन, आयरिश, इटालियन फसवून नेले जात, आणि हंगामाच्या शेवटी मजुरी मागणाऱ्याला शिडाच्या आडव्या दांड्याचा फटका देऊन पाण्यात लोटल्याचे आरोप झाले. काम वाईट आणि मजुरी कमी असेल, तिथे टंचाई कायमच असते. तिला शिडे लागत नाहीत.

रानजाई

शेवटचा प्रश्न. माणसाला नशेत असताना जहाजावर नेणे हा स्वतंत्र गुन्हा कधी ठरला का, की आजही तो फक्त करारभंगाचाच विषय आहे?

कलमबहाद्दर

ठरला, १९०६ मध्ये. त्या वर्षीचा संघराज्याचा कायदा नेमका याच प्रकारासाठी होता, आणि तो आजही अमेरिकेच्या फौजदारी संहितेत १८ व्या शीर्षकाखाली कलम २१९४ म्हणून शिल्लक आहे. बळाने, धमकीने, खोटे सांगून, किंवा माणूस दारूच्या अथवा कोणत्याही औषधाच्या अमलाखाली असताना त्याला जहाजावर कामाला नेणे तर गुन्हा आहेच, पण त्या अवस्थेत त्याच्याकडून करारावर सही घेणे हाही गुन्हा आहे. आपण वर विचारलेल्या ‘खऱ्या पण न आठवणाऱ्या’ सहीची दखल कायद्याने घेतली ती अशी. शिक्षा दंड किंवा जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, एवढीच आहे. अशा रीतीने आणलेल्या माणसाला जहाजावर ठेवून घेणाराही त्यात येतो, मात्र त्याच्यासाठी ‘जाणूनबुजून’ हा शब्द घातलेला आहे. म्हणजे पहाटे शुद्ध नसलेली माणसे होडीतून वर ओढून घेणाऱ्या कप्तानाला ‘मला वाटले, नेहमीसारखे प्यालेले आहेत’ एवढे म्हणायची जागा ठेवली होती, आणि बंदरातल्या कोणत्याही जहाजावर ते म्हणणे खोटे पाडणे सोपे नव्हते, कारण शेजारी झोपलेले, स्वखुशीने सही केलेले खलाशीही बहुधा त्याच अवस्थेत असत.